परसबागेची राखण : आधी खूण ओळखा, मग उपाय करा

कोकणात घराभोवती थोडी तरी भाजी नाही असे घर सापडणे कठीण. मागच्या दारी पडवळ, दोडका, कारली यांचा मांडव, न्हाणीच्या पाण्यावर अळूचा वाफा, गडग्याच्या कडेला सुरण आणि कणगर, भातकापणीनंतर मुळा, माठ, वांगी, मिरची असा हा मळा वर्षभर घरातील जेवणाला आधार देतो. बाजारची भाजी वाडीवस्तीपर्यंत पोहोचत नाही किंवा पोहोचली तरी परवडत नाही, अशा वेळी मुलाबाळांच्या ताटात हिरवी भाजी पडते ती याच परसातून. परसबागेची बहुतेक मेहनत घरातील स्त्रिया करतात आणि तिचे नुकसान झाले तर त्याची झळही प्रथम त्यांनाच लागते.

अलीकडे मात्र "लावायचे कोणासाठी? माकडांसाठी की डुकरांसाठी?" असा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. रात्रीत रताळ्याचा वाफा उकरलेला असतो, दुपारी घरात कोणी नसताना काकड्या ओरबाडलेल्या असतात, तर वरून चांगले दिसणारे कारले चिरल्यावर आत अळ्या वळवळतात. कंटाळून काही कुटुंबांनी परसबाग लावणेच सोडले आहे. काही जण रागाच्या भरात विष घालतात, तारेत वीज सोडतात किंवा खाण्याच्या भाजीवर मिळेल ते औषध फवारतात. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

परसबाग ही शेताप्रमाणे मोठी नसते. तिचे क्षेत्र अर्धा-एक गुंठा असते, ती घरालगत असते आणि तिच्यावर दिवसातून चार वेळा नजर पडते. त्यामुळे शेतात न परवडणारे उपाय येथे सहज परवडतात. जाळी लावणे, फळाला पिशवी बांधणे, अळी हाताने वेचणे ही कामे एकरभर क्षेत्रात शक्य होत नाहीत, परंतु दहा वेलींवर ती अर्ध्या तासात होतात. मात्र त्यासाठी नुकसान नेमके कोण करते हे आधी ओळखले पाहिजे. गोगलगायीने खाल्लेल्या रोपासाठी कीटकनाशक फवारले किंवा साळिंदराने उकरलेल्या कंदासाठी बुजगावणे उभे केले, तर पैसा व श्रम दोन्ही वाया जातात.

खुणा कशा वाचाव्यात?

नुकसान दिसताच तेथील माती सारखी करण्याची घाई करू नये. प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात : नुकसान दिवसा झाले की रात्री, जमिनीपासून किती उंचीवर झाले आणि मागे काय उरले. शंका असल्यास संध्याकाळी वाफ्याभोवती हातभर रुंदीचा चाळलेल्या मातीचा किंवा राखेचा पट्टा पसरावा. सकाळी त्यावर पावले उमटलेली दिसतात. सर्वसाधारणपणे आढळणाऱ्या खुणा खालीलप्रमाणे आहेत.

१) जमीन नांगरल्यासारखी उलथलेली, कंद खाल्लेले, दोन खुरांचे ठसे : रानडुक्कर. बहुधा कळपाने व रात्री येते.

२) कंदाच्या ठिकाणी नेमके खोदलेले खड्डे, कंदावर वा माडाच्या रोपाच्या बुंध्यावर रुंद दातांचे ओरखडे, जवळपास पडलेला काळा-पांढरा काटा : साळिंदर. रात्री ठरावीक वाटेने व ठरावीक फटीतून येते.

३) अर्धवट खाऊन फेकलेली फळे, मोडलेल्या फांद्या, ओढून खाली आणलेले वेल, आणि हे सर्व दिवसा : माकड किंवा वानर.

४) नुकतीच उगवलेली रोपे उपटलेली, पानांचे तुकडे टोचून खाल्लेले, मातीवर तीन बोटांचे मोठे ठसे : मोर. पहाटे व संध्याकाळी येतो.

५) रोप जमिनीलगत तिरके व स्वच्छ कापलेले, जवळ गोल लेंड्या : ससा.

६) रोप जमिनीलगत कुरतडून आडवे पडलेले, परंतु खाल्लेले नाही : रोपे कुरतडणारी अळी. बुंध्याजवळची माती बोटभर खोल उकरल्यास वेटोळे करून बसलेली राखी अळी सापडते.

७) कोवळी पाने व रोपे रात्रीत नाहीशी, मातीवर व पानांवर सुकलेल्या चिकट स्रावाचा चकाकणारा माग : गोगलगाय.

८) बिळे, बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग, मुळे व कंद पोखरलेले : घूस. लहान बिळे व फळांवर बारीक दातांच्या जोडखुणा : उंदीर.

९) कोवळ्या फळावर सुईने टोचल्यासारखे छिद्र, त्यातून आलेला डिंकासारखा थेंब, फळ वाकडे होऊन पिवळे पडणे : फळमाशी.

१०) वेलाच्या पहिल्या पानांना गोल छिद्रे, सकाळी पानावर तांबूस-नारिंगी भुंगेरे : तांबडे भुंगेरे.

रानडुक्कर व साळिंदर

या दोन्ही प्राण्यांना मुख्यतः कंद हवे असतात. म्हणून रताळी, कणगर, सुरण, करांदे ही पिके परसाच्या टोकाला, रानाच्या बाजूला लावू नयेत. ती घराच्या भिंतीलगत एकाच वाफ्यात आणावीत. संपूर्ण परसाला भक्कम कुंपण घालणे खर्चाचे असते, परंतु कंदाच्या एका वाफ्याला ते घालणे आवाक्यातले आहे.

जांभ्याचा किंवा दगडाचा गडगा हे आपले जुने आणि चांगले कुंपण आहे. मात्र ढासळलेला गडगा निरुपयोगी ठरतो. पावसाळ्यापूर्वी त्याची डागडुजी करावी, तळाच्या फटी दगडांनी बंद कराव्यात व उंची चार ते पाच फूट ठेवावी. पुष्कळ ठिकाणी गडगा शाबूत असतो, परंतु ये-जा करण्याच्या कवाडीखाली वीतभर फट असते आणि प्राणी तेथूनच येतात. तेव्हा कवाडीखाली चिरा किंवा फळी बसवावी.

साळिंदर बांबूची बेडे व लाकडी फळ्या कुरतडते. त्यामुळे त्याच्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी जाळी वापरावी. जाळी जमिनीच्या वर अडीच फूट असावी व खाली एक फूट पुरून तिचे टोक बाहेरच्या बाजूला वळवावे, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. रानडुकराचा उपद्रव असल्यास जाळी चार फूट उंच घेऊन खांब दीड ते दोन मीटरवर घट्ट पुरावेत, कारण डुक्कर अंगाच्या जोराने जाळी ढकलते. कुंपणाच्या बाहेरून करवंद, सागरगोटा यांची काटेरी लागवड केल्यास चार-पाच वर्षांत चांगली वई तयार होते.

केस पसरणे, रॉकेलची चिंधी टांगणे, फिनेल शिंपडणे हे उपाय अनेक जण करतात. नव्या वासाने प्राणी काही दिवस बिचकतो, नंतर सरावतो. पावसात तर वास टिकतच नाही. कंद काढणीस येण्याच्या शेवटच्या आठवड्यात असा उपाय उपयोगी पडू शकतो, परंतु हंगामभर त्यावर विसंबू नये.

माकड व वानर

परसबागेचा सर्वांत कठीण शत्रू माकड हाच आहे. तो दिवसा येतो, चढतो, हाताने गाठी सोडवतो आणि माणूस घरात आहे की नाही हेही ओळखतो. बुजगावणे, फटाके, आरसे, रंगीत फिती यांना तो आठ-पंधरा दिवसांत सरावतो. म्हणून असे साधन सतत एकाच जागी ठेवू नये. दर दोन-तीन दिवसांनी त्याची जागा बदलावी, बुजगावण्याचे कपडे बदलावेत आणि अधूनमधून त्याच्या जागी खरा माणूस काठी घेऊन उभा राहावा. घरचा कुत्रा हा चांगला राखणदार आहे. वाडीतील घरांनी पाळीपाळीने राखण केल्यास आणि कळप शिरताच सर्वांनी मिळून हुसकावल्यास तो वारंवार येत नाही. एकट्या घराने हाकलले तर तो शेजारच्या परसात जातो व परत येतो.

माकडांना खाऊ घालू नये. उरलेले अन्न, नारळाच्या करवंट्या, भाज्यांच्या साली उघड्या उकिरड्यावर टाकणे म्हणजेही एक प्रकारे खाऊ घालणेच आहे. उकिरडा झाकलेला असावा.

कायमचा उपाय म्हणजे वरूनही बंद असलेला जाळीचा पिंजरा. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि दोन मीटर उंच पिंजऱ्याचा हिशेब असा होतो : चारही बाजूंना ३६ चौरस मीटर आणि छताला २० चौरस मीटर मिळून ५६ चौरस मीटर जाळी लागते. जोड व घड्यांसाठी धरून ६० ते ६५ चौरस मीटर घ्यावी. अडीच मीटर लांबीचे नऊ खांब पुरतात. चार कोपऱ्यांना, चारही बाजूंच्या मध्यावर एकेक आणि एक मधोमध असे ते अर्धा मीटर खोल पुरावेत. खांब बांबूचे असल्यास पुरावयाच्या टोकाला डांबर लावावे. वरच्या बाजूने खांब तारेने एकमेकांस ताणून बांधावेत.

आतील आखणीही महत्त्वाची आहे. जाळीला चिकटून लावलेली भाजी माकड बाहेरून हात घालून ओढते. म्हणून जाळीपासून सर्व बाजूंनी अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी. मधल्या जागेत सव्वा मीटर रुंदीचे व चार मीटर लांबीचे दोन वाफे आणि त्यांच्यामध्ये अर्धा मीटर वाट बसते. येवढ्या जागेत टोमॅटो, भेंडी, वांगी, पालेभाज्या अशी माकडांना विशेष आवडणारी पिके घ्यावीत.

किनारपट्टीवर मासेमारीची जुनी जाळी स्वस्तात मिळते व ती चालते. मात्र दोन गोष्टींची काळजी घ्यावी. जाळी ताणून बांधावी आणि तिची टोके जमिनीवर लोळत ठेवू नयेत. सैल जाळ्यात धामणीसारखे साप व पक्षी अडकून मरतात. दुसरे म्हणजे जाळीचे छिद्र मधमाशी सहज आत जाईल एवढे असावे. छिद्र बारीक असेल तर आतील काकडी, दोडका यांची फळधारणा होत नाही. अशा वेळी नरफुलातील परागकण मादीफुलावर हाताने लावावेत. काकडी, कारले, लाल भोपळा यांची फुले सकाळी, तर दोडका व दुधी यांची फुले संध्याकाळी उमलतात, हे लक्षात ठेवावे.

पिंजऱ्याबाहेर त्रास कमी होणारी पिके घ्यावीत. अळू व सुरण खाजरे असतात. हळद, आले, मिरची यांनाही माकडे सहसा कमी उपद्रव देतात. मात्र सुरण-अळूला माकड सोडले तरी डुक्कर व साळिंदर सोडत नाहीत, तेव्हा आपल्या परसात कोण येते हे पाहूनच जागा ठरवावी.

येथे आरोग्याची एक सूचना आवश्यक आहे. माकडताप, म्हणजेच क्यासनूर जंगलाचा आजार, हा १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्यातील सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होतो. आजाराने माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी आसपास पसरतात. म्हणून परसात किंवा रानाच्या कडेला मेलेले माकड दिसल्यास त्याला हात लावू नये, ओढून टाकू नये, मुलांना व गुरांना तेथे जाऊ देऊ नये. वनविभागास व प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे. रानातून आल्यावर अंग व कपडे तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी. जोराचा ताप व अंगदुखी झाल्यास डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

मोर व इतर पक्षी

मोराचे नुकसान मुख्यतः उगवणीच्या काळात होते. बी पेरल्यापासून रोप वीतभर होईपर्यंत वाफ्यावर कमानीसारख्या वाकवलेल्या कामट्या रोवून त्यांवर जाळी घालावी. नंतर ती काढून पुढच्या वाफ्यावर वापरता येते. रोपे सरळ वाफ्यात न करता पडवीत, पत्र्याच्या डब्यात वा पिशवीत करून लावल्यास धोक्याचा काळ बराच कमी होतो. पिकलेल्या टोमॅटोला व मिरचीला बुलबुल, पोपट टोचतात. फळाचा रंग बदलू लागताच काढून घरात पिकवल्यास नुकसान टळते. पक्षी अळ्या व किडेही खातात. तेव्हा रोपे मोठी झाल्यावर त्यांना परसात येऊ द्यावे.

उंदीर व घूस

उंदरांचा बंदोबस्त स्वच्छतेपासून सुरू होतो. झावळ्यांचे ढीग, चुडते, रचलेली लाकडे, जुनी कौले भाजीच्या वाफ्याला लागून ठेवू नयेत. गडग्यातील बिळे पाहावीत. संध्याकाळी सर्व बिळांची तोंडे मातीने बुजवावीत व दुसऱ्या दिवशी जी उघडलेली दिसतील ती चालू समजावीत. सापळा त्यांच्याजवळच लावावा.

पिंजऱ्यात भाजलेले खोबरे, सुका बोंबील किंवा भजे ठेवावे. पहिले दोन-तीन दिवस पिंजरा चाप न लावता उघडा ठेवावा, म्हणजे उंदीर निर्धास्त होतो. नंतर चाप लावल्यास एकाच रात्री अधिक उंदीर सापडतात. पिंजरा भिंतीला लागून ठेवावा, कारण उंदीर उघड्यावरून न जाता कडेने जातो.

झिंक फॉस्फाईडचे आमिष घरालगतच्या परसात वापरू नये. कोंबड्या, मांजरे, कुत्री आणि लहान मुले यांना त्याचा मोठा धोका असतो. ॲल्युमिनिअम फॉस्फाईडच्या गोळ्या तर घराजवळच्या बिळात कधीही टाकू नयेत. त्यातून निघणारा वायू फटींतून घरात शिरून माणसे दगावू शकतात. सापळ्यांनी आटोक्यात येत नसल्यास ब्रोमॅडिओलोनची तयार वडी चालू बिळात आत सरकवून बीळ बुजवावे व मेलेले उंदीर पुरून टाकावेत.

धामण, घुबड, पिंगळा हे उंदीर फस्त करतात. धामण बिनविषारी आहे. तिला मारणे म्हणजे उंदरांना मोकळे रान देणे होय.

पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस हा आजार होतो. पायाला जखम असताना अनवाणी वाफ्यात काम करू नये. गमबूट व हातमोजे वापरावेत, काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत आणि ताप आल्यास अंगावर काढू नये.

गोगलगायी

पहिल्या पावसानंतर गोगलगायी बाहेर पडतात. शंखाची मोठी आफ्रिकन गोगलगाय आणि बिनशंखाच्या गोगलगायी या दोन्ही रात्री खातात व दिवसा ओलसर जागी लपतात. या सवयीचाच उपयोग करून घ्यावा. संध्याकाळी वाफ्यांच्या मधे ओली गोणपाटे पसरावीत व त्यांखाली पपईची पाने किंवा कोबीचा पाला ठेवावा. सकाळी उन्हापूर्वी गोणपाटे उलटून गोगलगायी चिमट्याने किंवा हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या तीव्र द्रावणात टाकाव्यात. मेलेल्या गोगलगायी खोल पुराव्यात. वाफ्यात मात्र मीठ टाकू नये, त्याने जमीन बिघडते. मातीत दिसणारी साबुदाण्यासारखी अंडी गोळा करून नष्ट करावीत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हे काम रोज केल्यास पुढील दोन महिने त्रास बराच कमी होतो.

राख किंवा चुन्याचा पट्टा कोरडा असेपर्यंतच काम करतो. कोकणातील पावसात तो एका सरीत धुऊन जातो, म्हणून त्याचा उपयोग उघडीप असतानाच करावा. मेटाल्डिहाईडच्या गोळ्यांना कुत्री व कोंबड्या फसतात. घरालगत शक्यतो त्या टाळाव्यात. भाजी, विशेषतः कच्ची खावयाची पाने, चांगल्या वाहत्या पाण्यात धुवावी, कारण गोगलगायींच्या स्रावातून रोगकारक जंत येऊ शकतात.

फळमाशी

कारली, दोडका, पडवळ, काकडी यांचे सर्वांत अधिक नुकसान पावसाळ्यात फळमाशीमुळे होते. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडतात व आतला गर खातात. फळ कुजून गळते, अळी जमिनीत शिरते व तेथे कोष करते. काही दिवसांनी नवी माशी बाहेर येते. अळी फळाच्या आत असल्यामुळे वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. खाणाऱ्याच्या पोटात मात्र त्याचा अंश जातो. म्हणून पुढील चार कामे एकत्र करावीत.

पहिले, फळाला पिशवी बांधावी. फळधारणेनंतर तीन-चार दिवसांत, फळ बोटाएवढे असतानाच कागदी किंवा पातळ कापडाची पिशवी घालून देठाशी सैल बांधावी. उशीर झाल्यास माशीने आधीच अंडी घातलेली असतात व पिशवीचा उपयोग होत नाही. जोराच्या पावसात कागद टिकत नाही, तेव्हा जुन्या मलमली धोतराच्या पिशव्या शिवाव्यात. त्या धुऊन दोन-तीन हंगाम वापरता येतात.

दुसरे, किडलेले प्रत्येक फळ रोज गोळा करावे. ते उकिरड्यात किंवा गडग्यापलीकडे टाकू नये, कारण तेथेही माशी तयार होतेच. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावे किंवा दोन फूट खोल पुरावे.

तिसरे, गंधसापळा लावावा. येथे एक चूक सर्रास होते. आंब्यावरील फळमाशीसाठी मिथिल युजेनॉलचा सापळा वापरतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा बागायतदारांच्या परिचयाचा आहे. घरात उरलेला तोच गंध अनेक जण कारल्याच्या मांडवाला टांगतात. वेलभाज्यांवरील माशीची जात वेगळी आहे. तिला क्युल्युर हा गंध लागतो. दुकानातून घेताना "वेलवर्गीय भाज्यांसाठी" असे स्पष्ट सांगावे. परसबागेस एक-दोन सापळे पुरतात. सापळ्यात फक्त नर सापडतात. त्यामुळे पिशवी व स्वच्छता यांच्या जोडीनेच त्याचा फायदा होतो.

चौथे, मांडवाखालची माती आठ-दहा दिवसांनी खुरप्याने हलवावी, म्हणजे कोष उघडे पडतात. वेल वर गेल्यानंतर मांडवाखाली कोंबड्या सोडल्यास त्या ते वेचून खातात.

इतर किडी

तांबडे भुंगेरे उगवणीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत वेलाचे नुकसान करतात. सकाळी लवकर ते सुस्त असतात. त्या वेळी पान हलवून साबणाच्या पाण्याच्या भांड्यात पाडावेत. वांग्याचा शेंडा वाळून लोंबताना दिसल्यास तो अळीसह खालून कापून नष्ट करावा. भेंडी-मिरचीवरील मावा व तुडतुडे दिसू लागताच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५०० ग्रॅम निंबोळीची भरड पूड दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी फडक्यातून गाळून घेऊन एकूण १० लिटर द्रावण करावे व त्यात २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्याच दिवशी संध्याकाळी फवारावे. निंबोळ्या न मिळाल्यास १५०० पीपीएम तीव्रतेचे निंबयुक्त औषध एक लिटर पाण्यात ५ मि.लि. या प्रमाणात वापरावे. पानावर लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर ते मावा खाणारे मित्र आहेत, हे ओळखून फवारणी लांबवावी.

आंबा, काजू वा भातासाठी आणलेले कीटकनाशक घरात उरले म्हणून भाजीवर फवारू नये. परसातील भाजी सकाळी फवारून संध्याकाळी शिजते, प्रतीक्षा कालावधी पाळला जात नाही. त्या पिकासाठी ते औषध मंजूर आहे की नाही, हेही पाहिले जात नाही.

हे कधीही करू नये

कुंपणाच्या तारेत घरातील वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, परंतु त्याने माणसे मरतात. पहाटे परसाकडे जाणारी घरची माणसे, शेजारी, गुरे यांचा जीव त्यात गेल्याच्या घटना वर्तमानपत्रांत वारंवार येतात. चार रताळ्यांसाठी हा धोका कोणी पत्करू नये. विजेचेच कुंपण हवे असल्यास बॅटरीवर चालणारे, क्षणिक झटका देणारे सौर कुंपण प्रमाणित यंत्रासह व जाणकाराकडून बसवून घ्यावे. अनुदानाची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी.

तारेचे फासे लावू नयेत. डुकरासाठी लावलेल्या फाशात बिबट्या अडकतो आणि चवताळलेला बिबट्या वाडीला धोका ठरतो. स्फोटक गोळे व विषारी आमिषे यांचेही तेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. मोर तर राष्ट्रीय पक्षी असून त्याला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. उपद्रव फारच वाढल्यास वनविभागाकडे लेखी अर्ज करावा. परवानगीशिवाय कोणतीही कृती करू नये.

रानडुक्कर, माकड, गवा इत्यादींनी पिकाचे मोठे नुकसान केल्यास शासनाकडून भरपाई मिळण्याची तरतूद आहे. नुकसानीची छायाचित्रे काढावीत, जागा तशीच ठेवावी व तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे अर्ज देऊन पंचनामा करून घ्यावा. जमिनीचा सातबारा व बँक खात्याचा तपशील तयार ठेवावा.

हंगामवार कामे

एप्रिल-मे : गडग्याची डागडुजी, कवाडीची फट बंद करणे, बिळे शोधून उंदीर पकडणे, जाळीचा पिंजरा उभारणे, कापडी पिशव्या शिवणे.

जून : वेलांची रोपे पडवीत तयार करणे, गोगलगायी गोळा करणे, तांबडे भुंगेरे वेचणे.

जुलै ते सप्टेंबर : क्युल्युरचे सापळे, फळांना पिशव्या, किडकी फळे रोज काढणे, मांडवाखालची माती हलवणे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : कंदांच्या वाफ्याभोवती लोखंडी जाळी, भातकापणीनंतर परसाकडे वळणाऱ्या उंदरांसाठी सापळे, नव्या वाफ्यांवर मोरापासून जाळी.

डिसेंबर ते मार्च : माकडांची सामूहिक राखण, निंबोळी अर्क, मेलेल्या माकडांबाबत दक्षता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, वरील सर्व उपाय एकाच वर्षी करण्याची आवश्यकता नाही. यंदा एक वही घ्यावी आणि प्रत्येक नुकसानीची तारीख, वेळ, पीक व खूण तीत लिहावी. हंगामाच्या शेवटी आपल्या परसातील खरे शत्रू दोन किंवा तीनच आहेत असे बहुधा आढळेल. त्यांच्यापुरताच खर्च करावा. थोडे रान्याला, थोडे पाखराला जाईल हे धरून चार वेली जास्त लावाव्यात, परंतु परसबाग मोडू नये. घरच्या मुलांना विषाचा अंश नसलेली ताजी भाजी मिळण्याची एवढी खात्रीची जागा दुसरी नाही.